लंडनची पाटी

शरणपूर रोड, नाशिक
२० नोव्हेंबर १९७८

प्रिय मार्था,

तुझ्या भावाच्या नव्या दुकानाचं उद्घाटन झालं. तुझी आई तुला त्याचं जे वर्णन कळवील त्यात हार आणि पेढे सोडून काही नसेल, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

शांतवन इतकी वर्षं रेडिओ दुरुस्त करत होता आणि चांगले करत होता. आता मेन रोडवरच्या त्याच गाळ्यात, त्याच टेबलावर तो माणसांचे कान तपासून ऐकण्याची मशीनं विकणार आहे. मुंबईला एका कंपनीने दहा दिवस शिकवलं आणि सर्टिफिकेट दिलं. ते फ्रेम करून लावलं आहे. पहिली तपासणी मी माझीच करून घेतली. मला खुर्चीवर बसवून तो पाठीमागे गेला आणि कुजबुजला, "आत्या, चहा घेणार?" मी म्हटलं, घेईन. तो म्हणाला, "कान उत्तम आहेत." बटणं असलेलं एक यंत्रही आहे, पण त्यावर हार घातला होता.

जन्मभर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून नोकरी केली. माझ्या उजव्या कानाला आता कमी ऐकू येतं हे मला ठाऊक आहे. त्याला ते सापडलं नाही. पाटीवर मात्र 'श्रवणतज्ज्ञ' असं लिहिलं आहे. हा शब्द कोणीही रंगवून घेऊ शकतो. रंगारी काही विचारत नाही.

तू तिकडे इंग्लंडात हेच काम करतेस. मला सांग, दुकानात बसण्याआधी तुला काय काय करावं लागलं? बाकीच्या देशांत काय पद्धत आहे ते माहीत असेल तर तेही लिही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, तक्रार करण्याआधी माहिती घ्यावी. मी तक्रार करणार आहे, म्हणून माहिती विचारते.

तुझी,
सगुणाआत्या

•

लेस्टर
१४ जानेवारी १९७९

ती. आत्यास मार्थाचा सलाम.

तुमचं पत्र वाचून हसले, मग थोडं वाईटही वाटलं. शांतवनच्या हाताला कसब आहे, आत्या. बाबा गेल्यापासून आईला तोच सांभाळतो आहे. रेडिओचा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. इथे अडुसष्ट साली कायदा झाला. त्याआधी विक्रेते दारोदार जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात मशीनं घालत. आता एक परिषद आहे, तिच्या रजिस्टरात नाव असल्याशिवाय मशीन विकणं हा गुन्हा आहे. आधी नोंदणीवाल्या माणसाच्या हाताखाली काम करायचं, मग लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष कान तपासून दाखवायचा. प्रत्यक्ष परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले. सगळं बरोबर केलं होतं, फक्त समोरच्या बाईला "कान कधी वाहतो का?" हे विचारायचं राहिलं. तेवढ्यावर घरी पाठवलं. कान वाहत असेल, दुखत असेल, तर आम्ही हात लावायचा नाही, आधी डॉक्टर. चुकलं तर गिऱ्हाईक परिषदेकडे तक्रार करतं आणि नाव कायमचं जाऊ शकतं.

डेन्मार्कला कंपनीने आठवडाभर नेलं होतं. तिथे हे काम सरकारी इस्पितळातच होतं. डॉक्टर, तपासणारी माणसं, सगळं एका छपराखाली, आणि मशीन सरकार देतं. लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं, तेवढंच. अमेरिकेत दर राज्याचा कायदा निराळा. विद्यापीठात शिकलेले तपासनीस वेगळे, परवाना काढून विकणारे वेगळे. पण आता सगळ्या देशाला एक नियम लावला आहे, की आधी डॉक्टरने कान पाहिलाच पाहिजे. मोठ्या माणसाला सही करून त्यातून सुटता येतं. अठराच्या आतल्या मुलाला नाही.

आपल्याकडे म्हैसूरला आणि मुंबईला या विषयाची पदवी मिळते. मी शांतवनला कळवलं होतं. पण त्याचं वय, त्याचा संसार. आणि पदवी नसलेल्याने विकू नये असा कायदा कुठे आहे? इथला कायदा येण्याआधी इथेही सगळे शांतवनच होते, आत्या. वेळ लागतो.

आईला सलाम सांगा.

मार्था

•

नाशिक
११ जुलै १९७९

प्रिय मार्था,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर देण्यासारखं काही घडलं नव्हतं. आता घडलं आहे.

आधी पाटीबद्दल. ईस्टरनंतर शांतवनने नवी पाटी लावली. त्याचं नाव बारीक अक्षरात, तुझं मोठ्या. शेजारी तुझा पांढऱ्या कोटातला फोटो आणि खाली 'लंडन रजिस्टर्ड'. तू लेस्टरला राहतेस, पण रंगाऱ्याच्या लेखी सगळं इंग्लंड म्हणजे लंडन. तुझी आई म्हणाली, मार्थाला विचारूनच लावली. विचारून लावली का, ते मला तू सांग.

ती पाटी वाचून सायखेड्याचा नियाज पिंजारी आपली सात वर्षांची मुलगी घेऊन दुकानात गेला. नियाज दर उन्हाळ्यात माझ्या गाद्या पिंजून देतो. मे महिन्यात अंगणात कापूस पिंजताना त्याने सांगितलं, सिताराला कानाचं मशीन लावलंय, लंडनवालं. पोर कडेला बसली होती. छातीवर डबा, वायर, आणि उजव्या कानात प्लॅस्टिकची घट्ट गुंडी. मी जवळ गेले तर केवड्याचा वास आला, आणि त्याच्या आतून दुसरा वास.

मी विचारलं, कान वाहतो का? नियाज म्हणाला, "लहानपनापासून वाहतो बाई, दोनी वाहतात. पावसाळ्यात जास्ती." दुकानात हे सांगितलं होतं का? नाही. कारण कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गुंडी काढ आणि सरकारी दवाखान्यात जा. तो म्हणाला, साहेब सांगतात काढायची नाही. पू येऊ लागला तेव्हा ते परत दुकानात गेले होते. तुझा भाऊ त्यांना म्हणाला की नवी चप्पल चावते तसं आहे, सवय होईल, गुंडीला थोडं तेल लावत जा.

जूनमध्ये ताप चढला, कानामागे सूज आली. इस्पितळात हाड फोडून पू काढावा लागला. पोर वाचली. तो कान गेला. थोडाफार नाही, पूर्ण गेला.

मी इस्पितळात गेले होते. तिची आई खुर्शीदा कॉटखाली बसली होती. मी तिच्यावर ओरडले, ते तुला सांगायला मला लाज वाटत नाही. ती शांतपणे म्हणाली, "मोठ्या मानसाकडं जायचं म्हनून मी सकाळी कान सोड्याच्या पान्यानं धुतला, अत्तराचा फाया ठेवला. वास मारनारी पोर कशी न्यायची, बाई? साहेब खूश झाले. म्हनले, वा, केवडा." मग तिने मला विचारलं, "मी धुतला नसता तर त्यांना दिसलं असतं ना?" या प्रश्नाचं उत्तर तू दे. तुला ज्या प्रश्नासाठी नापास केलं तो एक प्रश्न त्याने विचारला असता तर फाया काढून कान पाहिला गेला असता.

यानंतर मी अर्ज करत फिरले. डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने कळवलं की सदर इसम डॉक्टर नाही, सबब कारवाई करता येत नाही. म्हणजे डॉक्टर असता तर गुन्हा, नाही म्हणून माफ. औषधांच्या इन्स्पेक्टरने सांगितलं की मशीन हे औषध नव्हे. फौजदाराने विचारलं, मारहाण झाली का? दुकानांचा इन्स्पेक्टर मात्र तत्परतेने येऊन गेला. साप्ताहिक सुट्टी पाळतात का ते बघून गेला. पाळतात.

पाटी उतरवायला सांग. आणि शांतवनला लिही. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल.

सगुणाआत्या

•

लेस्टर
२ सप्टेंबर १९७९

ती. आत्यास सलाम.

पत्र वाचल्यापासून झोप नीट नाही. त्या मुलीसाठी रोज प्रार्थना करते.

पण आत्या, एक सांगू का? मुलीचे कान लहानपणापासून वाहत होते असं तुम्हीच लिहिलंय. तो कान उद्या गेलाच असता कदाचित. गुंडीनेच गेला हे कोण सांगणार? आईने कान धुऊन, अत्तर लावून आणला, मग त्याला कळणार तरी कसं? मी शांतवनची बाजू घेत नाही. फक्त इतकंच की इथेही असं प्रकरण समितीपुढे गेलं तर दोन्हीकडचं ऐकतात.

पाटीचं त्याने मला विचारलं होतं. आईने पत्रात लिहिलं की तुझ्या नावाने चार माणसं येतील, तुझं काय जातं? मला नाही म्हणता आलं नाही. मी इतक्या लांब राहते, आईसाठी काहीच करत नाही, निदान नाव तरी. दिवाळीचा सीझन गेला की उतरवायला सांगते.

शांतवनला मी सगळं स्पष्ट लिहिणार आहे. तुम्ही काळजी करू नका आणि उगाच तब्येतीला त्रास करून घेऊ नका.

मार्था

•

नाशिक
१ नोव्हेंबर १९७९

प्रिय मार्था,

माझी तब्येत उत्तम आहे. संताप मला मानवतो.

शांतवन भरपाई करणार आहे. तो सायखेड्याला नियाजच्या घरी गेला, चटईवर बसला, हात जोडून माफी मागितली, पोरीसाठी बाहुली नेली. आणि म्हणाला की सिताराच्या डाव्या कानाला मी फुकट मशीन बसवून देतो. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी शहरातला एक क्लब कार्यक्रम करणार आहे. स्टेज, हारतुरे, फोटोग्राफर. पाहुण्यांच्या हस्ते गुंडी कानात घालायची. डावा कानही वाहतो, हे मी तुला जुलैत लिहिलं आहे. तो आता तिचा एकच कान आहे.

मी दुकानात जाऊन हे त्याला सांगितलं. तो रडला, मार्था. खरंच रडला. म्हणाला, "आत्या, मी मुद्दाम केलं का? माझ्या हातून गेलं, मीच परत देतो. रोज पोरगी डोळ्यांपुढे येते." त्याला मनापासून वाटतं की तो पुण्य करतो आहे. लबाड असता तर मी त्याला घाबरवलं असतं. मी म्हटलं, निदान आधी कानाच्या डॉक्टरला दाखव. तो म्हणाला, आईने स्वतः सांगितलंय की कान आता स्वच्छ आहे. अर्थात स्वच्छ आहे. खुर्शीदा तो दिवसातून दोनदा धुते. ज्या कानाला पाणी लागू नये तो ती साहेबांच्या मानासाठी धुते.

नियाजकडे मी स्वतः एस.टी.ने गेले. त्याला सांगून पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "बाई, तुमी आल्यापासून रागावताय. साहेबांनी माज्या दारात येऊन हात जोडले. आजपर्यंत माज्यापुढं कोनी हात जोडले नाय. आता मी त्यांना नाय कसं म्हनू?" एकीकडे माझा आयुष्यभराचा स्वभाव आणि दुसरीकडे शांतवनचे दोन जोडलेले हात. हात जिंकले.

मी शांतवनला विचारलं, मार्थाचं पत्र आलं ना? म्हणाला, आलं की, ताई नाताळला केकचा डबा पाठवते आहे. कानाबद्दल काय लिहिलंय? त्याने पत्रच माझ्या हातात दिलं. कानाबद्दल एक अक्षर नाही.

आता लिही. तुझ्या पदव्या आणि नोंदणी घालून, टाइप करून लिही की वाहत्या कानात गुंडी घालायची नाही. नियाजलाही मी ते वाचून दाखवीन. तुझा फोटो त्याने पाहिलेला आहे, त्या फोटोवर त्याचा विश्वास आहे.

सगुणाआत्या

•

लेस्टर
२४ नोव्हेंबर १९७९

ती. आत्यास,

मला लेखी देता येणार नाही. नीट समजून घ्या. पाटीवर माझं नाव आहे, माझ्या परवानगीने आहे. त्या दुकानात मुलीचा कान बिघडला हे मीच सहीनिशी लिहून दिलं आणि तो कागद कुठे फिरला, तर परिषद मला विचारील की नोंदणी नसलेल्या माणसाला नाव वापरू का दिलं. मी नोकरीवर आहे. घराचे हप्ते आहेत, दोन मुलं आहेत. इथे आमच्या रंगाच्या बाईला ही जागा मिळवायला काय करावं लागलं ते मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, आणि आता लिहिणारही नाही.

सप्टेंबरमध्ये शांतवनला पत्र लिहायला बसले होते. दोनदा फाडलं. मग केकचं लिहिलं.

मी उन्हाळ्यात येईन तेव्हा शांतवनला समोर बसवून सांगेन. तोवर तुम्हीच पाटी कुणाकडून तरी शांतपणे उतरवून घ्या. माझ्यावर एवढी दया करा.

मार्था

•

नाशिक
६ डिसेंबर १९७९

मार्था,

उन्हाळ्यात त्या मुलीला तुझं बोलणं ऐकायला कान नसेल.

पाटी मी उतरवली नाही. तिचा फोटो काढून घेतला. तुझं नाव, तुझा चेहरा आणि 'लंडन रजिस्टर्ड' स्वच्छ वाचता येतं. तो फोटो, इस्पितळाच्या कागदाची नक्कल आणि माझी तक्रार आज हवाई टपालाने रजिस्टर करून तुझ्या परिषदेकडे पाठवली. तक्रार शांतवनविरुद्ध नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार घेणारं पृथ्वीवर कोणी नाही, हे मी सहा महिने फिरून पाहिलं. तक्रार तुझ्याविरुद्ध आहे.

हे मी रागाच्या भरात केलेलं नाही. रागाच्या भरात मी जुलैतच केलं असतं. शांतवन त्या पोरीसाठी थांबणार नाही, कारण आपण तिचं भलं करतो आहोत असं तो समजतो. तुझ्यासाठी थांबेल. तुझी नोकरी जाईल म्हटल्यावर तुझी आईच त्याला थांबवील. दुकानात टेलिफोन आहे. ट्रंक कॉल लाव. परिषदेचं पत्र तुझ्या हाती पडण्याआधी लावलास तर तुला तिथे सांगायला बरं पडेल.

तू शाळेत होतीस तेव्हा सुट्टीत माझ्याकडे यायचीस आणि एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारी स्टुलावर बसायचीस. तुला कानाच्या कामाची गोडी तिथे लागली असं तू सगळ्यांना सांगतेस. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. तरी मी तक्रार पाठवली आहे.

सगुणा पगारे

•

लेस्टर
२८ डिसेंबर १९७९

आत्या,

परिषदेचं पत्र आलं. मार्चमध्ये समितीपुढे बोलावलं आहे. कंपनीने निकाल लागेपर्यंत मला गिऱ्हाइकांपासून दूर बसवलं आहे.

शांतवनशी फोनवर बोलले. तो त्या मुलीला हात लावणार नाही. पाटी त्याच दिवशी उतरवली. आईने रिसीव्हर घेतला आणि खाली ठेवला.

तुम्हाला जे हवं होतं ते मिळालं. मला पुन्हा पत्र लिहू नका.

मार्था

•

नाशिक
१८ फेब्रुवारी १९८०

मार्था,

लिहू नका म्हणालीस, तरी हे एक लिहिते. वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

साहेब येणार नाहीत म्हटल्यावर नियाजला मोठा अपमान वाटला. माझ्या गाद्या तो आता पिंजणार नाही, तसं त्याने निरोप पाठवून कळवलं. पण खुर्शीदा एकटी पोरीला घेऊन माझ्याकडे आली, आणि आम्ही सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरपुढे रांगेत बसलो. त्याने कान पुसला, औषध दिलं आणि पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका म्हणून दम भरला. महिनाभरात डावा कान कोरडा झाला. आता तिला त्या कानाने ऐकू येतं. थोडं कमी, पण खुर्शीदा चुलीपाशी बसून हाक मारते आणि ती अंगणातून येते. मशीन नाही. मशीन तिला कधीच लागणार नव्हतं. उजव्या कानालाही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाला. मी ते खुर्शीदाला सांगितलं नाही.

तुझं समितीपुढे काय होईल ते मला माहीत नाही. नाव राहिलं तर मला आनंद होईल. गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, हे मी कोणापासून लपवणार नाही. तुझ्या आईने चर्चमध्ये माझ्या बाकावर बसणं सोडलं आहे. माझी तक्रार नाही. एवढंच मनात येतं की तुझ्याकडे गमावण्यासारखी नोंदणी होती म्हणून ती धोक्यात आली. शांतवनकडे काहीच नव्हतं, त्यामुळे त्याचं काही गेलं नाही.

क्लबचा कार्यक्रम ठरल्या रविवारी झाला. पाहुणे ठरलेले होते, मंडप ठरलेला होता. सिताराच्या जागी हरसूलकडची एक मुलगी उभी केली. नवा फ्रॉक, केसांत फुलं, कानात पांढराशुभ्र कापूस. पाहुण्यांनी कापूस काढून गुंडी घातली, टाळ्या वाजल्या. शांतवनने तिला कडेवर घेतलं तो फोटो पेपरात आला आहे. मी मागच्या रांगेत उभी राहून विचारलं, हिचा कान वाहतो का? दोन स्वयंसेवकांनी मला अगदी आदराने बाहेर आणून रिक्षात बसवलं.

दुकानावर परवा नवी पाटी लागली. तुझं नाव नाही, फोटो नाही, लंडन नाही. 'जर्मन पद्धतीने कानांची तपासणी' एवढंच आहे.

जर्मनीत आपलं कोणी नाही.

सगुणाआत्या